बायबलमध्ये कुठे लिहिलंय ते दाखव!

वसईतल्या कुठल्याही कॅथलिक माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकायला लागलेलं असतं. ऑफिसात, लोकलमध्ये, नाहीतर घरातल्याच एखाद्या नातेवाइकाकडून, जो हल्ली रविवारी चर्चला यायच्या ऐवजी कुठल्यातरी हॉलमधल्या प्रार्थनासभेला जातो आणि आल्यागेल्याला विचारतो, जपमाळ कुठे लिहिलीय, पोप कुठे लिहिलाय, मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कुठे लिहिलाय, दाखव ना. आपला माणूस गडबडतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेलं तोपर्यंत विसरलेलं असतं, घरात बायबल असतं पण ते शोकेसमध्ये, मग तो "अरे आमचे फादर सांगतात" असं काहीतरी पुटपुटतो आणि समोरचा जिंकल्यासारखा हसतो.

मग हा चिडून घरी जातो आणि यूट्यूब उघडतो, तिथे त्याला अमेरिकेतले कॅथलिक वादपटू भेटतात. पोपबद्दल विचारलं तर मत्तय 16:18 हे वचन मारा, कन्फेशनबद्दल, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याबद्दल, विचारलं तर योहान 20:23 मारा. पुढच्या वेळी हा तयारीनं जातो, तो एक वचन टाकतो, हा दुसरं टाकतो, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री दोन वाजेपर्यंत दोघांची जुंपते. आता आमच्याकडेही बायबल वाचणारी तरुण पोरं तयार होतायत म्हणून लोक खूश होतात.

मला हे दोन्ही पटत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं जरा जास्तच पटत नाही. न वाचणारा निदान आपण वाचलं नाही हे जाणून असतो. वचनं पाठ करून भांडणाऱ्याला वाटतं आपण वाचलंय, पण त्यानं समोरच्याचा खेळ समोरच्याच नियमांनी खेळायचं मान्य केलेलं असतं. बायबल म्हणजे सुट्ट्या ओळींची पोतडी, हवी ती काढायची आणि फेकायची, हा तो नियम. कॅथलिक माणसानं बायबल कसं वाचायचं याचं चर्चचं म्हणणं याच्या अगदी उलट आहे आणि ते काही गुप्त नाही, कागदोपत्री लिहिलेलं आहे, फक्त आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

मुळात "कुठे लिहिलंय" हा प्रश्नच बघा ना. बायबलमध्ये कुठली पुस्तकं असावीत याची यादी बायबलमध्ये कुठेच नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत शोधा, नाही सापडणार. नव्या कराराची 27 पुस्तकं ज्या यादीत पहिल्यांदा अगदी आज आहेत तशी दिसतात ती बिशप संत अथानासियसच्या 367 सालच्या पत्रात, म्हणजे येशूनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी. त्यानंतर 393 ला हिप्पोला आणि 397 ला कार्थेजला आफ्रिकेतले बिशप जमले आणि त्यांनी यादी पक्की केली, आणि प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर वाद पेटला तेव्हा 1546 ला ट्रेंटला भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं तीच 73 पुस्तकांची यादी पुन्हा ठोकून सांगितली. या सगळ्या काळात ख्रिस्ती लोक मिस्सा करत होते, बाप्तिस्मा देत होते, मेलेल्यांसाठी प्रार्थना करत होते. पुस्तक त्या जमातीत वाढलं, त्या जमातीनं जपलं. म्हणून फक्त पुस्तकात असेल तेच खरं, बाकी सगळं नंतर घुसडलेलं, असं म्हणणाऱ्याला आपण शांतपणे विचारू शकतो की बाबा रे, हे पुस्तक तुझ्या हातात कोणी दिलं.

73 वरून आठवलं. आपल्या कितीतरी घरांत जी मराठी प्रत असते ती प्रॉटेस्टंटांची, 66 पुस्तकांची असते, कारण ती स्वस्त मिळते आणि सगळीकडे मिळते, आणि फोनवरच्या बऱ्याच फुकट ॲपमध्येही 66 च असतात. तोबित, युदिथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तकं त्यात नाहीत, एस्तेर आणि दानीएलमधले काही भाग पण नाहीत. मेलेल्यांसाठी प्रार्थना कुठे लिहिलीय याचं जे उत्तर कॅथलिक देतात ते दुसऱ्या मक्काबीच्या बाराव्या अध्यायात आहे, आणि धार्मिकांचे जीव देवाच्या हातात आहेत हा जो उतारा आपण अंत्यविधीच्या मिस्सात इतक्यांदा ऐकतो तो ज्ञानग्रंथातला. म्हणजे आपण दफनाच्या वेळी जे ऐकून रडतो ते आपल्या शोकेसमधल्या बायबलमध्ये नसतंच, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही कारण शोकेस कोणी उघडत नाही.

आता सुट्ट्या वचनांकडे येते, कारण हा रोग फक्त भांडणाऱ्यांचा नाही, भाविकांचा पण आहे. यिर्मया 29:11 तुम्हाला माहीत असेलच. तुमच्याविषयी माझ्या योजना मला ठाऊक आहेत, त्या हिताच्या आहेत, वाईटाच्या नाहीत, तुम्हाला भवितव्य आणि आशा देणाऱ्या आहेत, अशा अर्थाचं ते वचन. बारावीच्या परीक्षेला, कॅनडाच्या व्हिसाला, नवीन फ्लॅटच्या वास्तूला, सगळीकडे हेच, मागे सूर्योदयाचा फोटो. वाईट काही नाही त्यात. पण जरा वरच्या ओळी वाचा. ते एक पत्र आहे. इ.स.पू. 597 ला बाबिलोनचा राजा नबुखद्नेसरनं जेरुसलेममधून लोकांना धरून बाबिलोनला नेलं, त्या लोकांना यिर्मयानं जेरुसलेमहून पाठवलेलं पत्र. आधीच्या 28 व्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा उभा राहून सांगतो, दोन वर्षांत सगळं ठीक होईल, देव जोखड मोडणार. लोकांना हेच ऐकायचं असतं. यिर्मया म्हणतो, खोटं आहे, सत्तर वर्षं लागतील. तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला बंदी करून नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले बहुतेक जण परत न येताच तिथे मेले असणार. आशेचं वचन आहेच ते, पण ती आशा तुमच्या हयातीत पुरी होईलच असं नाही, आणि ती एकट्या तुमच्यासाठी नाही, अख्ख्या लोकांसाठी आहे. व्हिसाच्या स्टेटसवर ते टाकलं की यिर्मयाचा हनन्या होतो.

आणि वचनं फेकण्यात आपल्यापेक्षा हुशार कोण आहे तेही शुभवर्तमानातच आहे. लूकचा चौथा अध्याय. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि सरळ 91 वं स्तोत्र म्हणून दाखवतो, देव आपल्या दूतांना तुझ्याबद्दल आज्ञा देईल वगैरे. वचन खरंच त्या स्तोत्रातलंच असतं. लगेच कोणी म्हणेल की येशूनं पण वचनानंच उत्तर दिलं ना, एकदा नाही तीनदा. दिलं. पण ती तिन्ही उत्तरं कुठून येतात बघा, अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातून. तिथे विषय काय चाललाय? इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात होते, भुकेले होते, देवाची परीक्षा बघत होते, त्याची आठवण मोशे करून देतोय. आणि येशू कुठे आहे? चाळीस दिवस रानात, भुकेला. तो सुट्टी ओळ उचलत नाहीये, त्या अख्ख्या गोष्टीच्या आत उभा राहून बोलतोय, जिथे त्याचे पूर्वज घसरले तिथे तो घसरत नाही. हे कळायला जुना करार वाचलेला लागतो. तसंच क्रूसावरचं ते वाक्य, माझ्या देवा तू मला का सोडलंस, हे 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे आणि ते स्तोत्र रडण्यानं सुरू होऊन स्तुतीनं संपतं. पवित्र आठवड्यात ती ओळ ऐकताना पुढचं स्तोत्र ज्याच्या कानात वाजतं तो वेगळंच काहीतरी ऐकत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळं एकाच सुरात वाचायची सवय. नाथांच्या भारुडात विंचू चावला म्हणून कोणी ऐकणाऱ्याला दवाखान्यात नेत नाही, आपल्याला कळतं हे भारूड आहे आणि विंचू कुठला ते. पण तोच मराठी माणूस योनाचं पुस्तक उघडतो आणि माणूस माशाच्या पोटात तीन दिवस जगेल का यावर अडकतो. योना म्हणजे एका रुसलेल्या संदेष्ट्याची गोष्ट, ज्याला शत्रूंच्या शहरावर देवानं दया केली म्हणून राग येतो आणि सावली देणारं रोप वाळलं म्हणून मरावंसं वाटतं. ती हसत हसत स्वतःकडे बघायला लावणारी गोष्ट आहे, माशावर भांडत बसलात तर मी या शहरावर दया करू नये का, हा शेवटच्या अध्यायातला देवाचा प्रश्न हुकतो. उत्पत्तीचंही तसंच, पहिल्या अध्यायात झाडं, मग प्राणी, मग स्त्री-पुरुष एकत्र, आणि दुसऱ्यात आधी पुरुष, मग झाडं, मग प्राणी, मग स्त्री. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यात, आणि ज्यांनी ठेवल्या त्यांना फरक दिसत नव्हता असं समजायचं कारण नाही. ते विज्ञानाचं पुस्तक लिहीत नव्हते.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. 1943 ला पोप बारावे पायस यांनी कॅथलिक अभ्यासकांना सांगितलं की प्राचीन लेखकांच्या लिहायच्या पद्धती, साहित्यप्रकार अभ्यासा, त्याशिवाय अर्थ लागणार नाही. 18 नोव्हेंबर 1965 ला जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 'देई व्हर्बुम' हा बायबलविषयीचा दस्तऐवज काढला, त्यात हेच आहे, आणि शिवाय हे पण आहे की श्रद्धावंतांना बायबल सहज मिळालं पाहिजे आणि शास्त्र माहीत नसणं म्हणजे ख्रिस्त माहीत नसणं, हे संत जेरोमचं म्हणणं. 1993 ला व्हॅटिकनच्या बायबल आयोगानं तर शब्दशः वाचनाच्या हट्टाला एक प्रकारच्या बौद्धिक आत्महत्येचं आमंत्रण म्हटलं. त्या आयोगाचे अध्यक्ष कोण होते? कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे नंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट, ज्यांचे फोटो आपले यूट्यूबवाले भक्तीनं लावतात. आणि हे आधुनिक फॅड पण नाही. संत अगस्तीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच वैतागून लिहून गेलेत की आकाश आणि ताऱ्यांबद्दल ज्यांना खरी माहिती आहे अशा बाहेरच्या माणसांसमोर ख्रिस्ती लोक शास्त्राच्या नावानं काहीबाही बोलतात आणि हसं करून घेतात, मग त्यांनी पुनरुत्थानाबद्दल आपलं का ऐकावं.

मग हे सगळं इतकं स्पष्ट असताना आपल्याला माहीत का नाही? थोडा दोष इतिहासाचा. ट्रेंटनंतर 1564 च्या नियमांत लोकभाषेतलं बायबल वाचायला परवानगी लागायची, ते पुढे सैल झालं तरी मनात बसलं ते बसलंच की बायबल हे फादर लोकांचं काम. मिस्सा लॅटिनमध्ये, त्यातलं काही कळायचं नाही. पण गंमत बघा, त्याच काळात म्हणजे 1616 ला गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, जुन्या आणि नव्या कराराची गोष्ट जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांत. पुस्तक हातात द्यायचं नाही पण गोष्ट कानात घालायची, अशी ती सोय. आणि आपली आजी तिला अक्षर येत नसेल तरी जपमाळेच्या रहस्यांतून शुभवर्तमानातले प्रसंग रोज संध्याकाळी फिरवत होती, ते बायबल वाचनच होतं एका अर्थानं आणि त्याला कमी लेखणाऱ्याशी माझं जमणार नाही. फक्त आजीला कोणी मोबाइलवर स्क्रीनशॉट पाठवत नव्हतं. तिच्या नातवाला रोज दहा येतात.

दुसरा दोष आपल्या चर्चचा, आणि हा आजचा आहे. मिस्सात वाचायच्या उताऱ्यांचा नवीन वाचनक्रम 1969 पासून आला तो फार सुंदर आहे, तीन वर्षांत मत्तय, मार्क, लूक आळीपाळीनं, मधूनमधून योहान. पण रविवारचा जुन्या करारातला उतारा शुभवर्तमानाला जुळेल असा निवडलेला असतो, त्यामुळे जुना करार आपल्याला तुकड्यातुकड्यानं ऐकू येतो, गोष्ट कधीच सलग लागत नाही. आणि अवघड जागा गाळल्या जातात. इफ्ताह नावाच्या इस्राएलच्या पुढाऱ्यानं नवस फेडायला स्वतःच्या मुलीचा बळी दिला, जुन्या करारातल्या शास्ते या पुस्तकाचा 11 वा अध्याय, हे रविवारी कधी ऐकलंय? रोजच्या मिस्सात दोन वर्षांतून एकदा येतं, तेव्हा चर्चमध्ये किती जण असतात ते सगळ्यांना माहीत आहे. इफिसकरांच्या पत्रातलं बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहा हे रविवारच्या क्रमात आहे, पण ती ओळ वगळून छोटा उतारा वाचायचीही मुभा आहे. मुभा घेतली की प्रश्न संपला असं वाटत असेल, पण तीच ओळ मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला परत पाठवताना घरातली मोठी माणसं बरोबर आठवून सांगतात. त्याच्या बरोबर आधीच्या ओळीत, 5:21 ला, एकमेकांच्या अधीन राहा असं आहे, आणि पुढे नवऱ्यानं ख्रिस्तासारखा जीव द्यावा असं आहे, ते कोणी सांगत नाही कारण कोणी वाचलेलंच नाही. वेदीवरून गाळलेली ओळ घराघरांत टिपांशिवाय फिरत राहते.

फादरांना मी सगळा दोष देत नाही. प्रवचन किती मिनिटांचं असतं? पोप फ्रान्सिस तर 2024 ला म्हणाले आठ मिनिटांच्या वर जाऊ नका, लोक झोपतात. आठ मिनिटांत यिर्मयाचा बाबिलोन समजावता येत नाही. म्हणजे मोठ्यांसाठी वेगळी जागा हवी, आणि ती आपल्याकडे जवळजवळ नाही. लहानांना फर्स्ट कम्युनियन आणि कन्फर्मेशनपर्यंत धर्मशिक्षण, मग थेट लग्नाआधीचा कोर्स, मध्ये आणि नंतर काही नाही. रिट्रीटला लोक जातात, तिथे गाणी असतात, रडणं असतं, बरं वाटतं, पण एक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत समजून घेणं तिथे क्वचितच होतं.

टिपांची भीती पण आहे आपल्याला. 2008 ला मुंबईत भारतीय वाचकांसाठी टिपांसह एक इंग्लिश कॅथलिक बायबल निघालं, त्यात मरिया आणि योसेफ भारतीय वेशात होते आणि टिपांमध्ये आपल्या इथल्या धर्मग्रंथांचेही संदर्भ होते, तर केवढा गोंधळ झाला. शेवटी बदल करून सुधारित आवृत्ती काढावी लागली. काही टिपा घाईनं लिहिलेल्या असतीलही, पण भांडणारे बहुतेक चित्रावर भांडले. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आहे, साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळालेलं, टिपा आणि पार्श्वभूमीसकट, आणि वसईच्या त्या माणसाला आपण साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला म्हणून हार घातले. पुस्तक किती घरांत उघडलं गेलं हे विचारायची सोय नाही.

यावर लोक म्हणतात की साध्या माणसाला एवढं कशाला, शेतकरी, रिक्षावाला, नोकरी करून विरारहून चर्चगेटला जाऊन येणारा माणूस, त्याला बाबिलोन काय करायचाय. मला हे जरा अपमानकारक वाटतं. तोच माणूस शेअर बाजार समजून घेतो, सातबारा समजून घेतो, क्रिकेटचा डकवर्थ लुईस पण समजून घेतो. आणि प्रेषितांची कृत्ये 8 मध्ये तो इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया मोठ्यानं वाचत असतो, फिलिप धावत जाऊन विचारतो कळतंय का, तर तो म्हणतो कोणी समजावल्याशिवाय कसं कळणार. फिलिपनं त्याला तू राहू दे असं सांगितलं नाही, रथात चढून शेजारी बसला.

मग करायचं काय तर फार मोठं नाही. चर्चच्या सणाआधी आपल्याकडे नऊ दिवस नोव्हेना असतो, गर्दी असतेच. एका वर्षी त्या नऊ संध्याकाळी एकच पुस्तक घ्या, मार्क घ्या, सोळा अध्याय आहेत, सगळं मिळून मोठ्यानं वाचायला दोन तासही लागत नाहीत, म्हणजे रोज पंधरा मिनिटं वाचन आणि अर्धा तास बोलणं, आणि बोलायला फक्त फादर नको, अभ्यास केलेल्या सिस्टर आहेत, सामान्य लोक आहेत. प्रश्न विचारायची मुभा हवी, इफ्ताहबद्दल पण, दोन निर्मितीकथांबद्दल पण. भाषेचं अवघड आहे हे मान्य, घरात कादोडी किंवा वाडवळी, मिस्सा मराठीत, आणि पोरं इंग्लिश मीडियममध्ये, त्यांना मराठी बायबल दिलं तर दोन ओळींत अडकतात. म्हणून दोन गट करा, पोरांचा इंग्लिशमध्ये चालवा, काही बिघडत नाही, पण प्रत 73 पुस्तकांची आणि टिपांची हवी आणि ती चर्चनं विकत घेऊन द्यावी. पैसे कुठून हा प्रश्न येणारच. सणाच्या मंडपाचं, लाइटिंगचं आणि बँडचं बिल नोटीस बोर्डावर लागतं, ते वाचलं की उत्तर मिळतं. पुढच्या मीटिंगमध्ये मी हे मांडणार आहे, आणि बँड कमी करा म्हटल्यावर पहिला कोण उठून "बायबलमध्ये कुठे लिहिलंय" विचारेल तेही मला साधारण माहीत आहे.